न धुतलेले बूट

पावाच्या बाळाला बूट घालायचे की नाही, यावरून रोकाबादो कुटुंबात तीन दिवस धुसफूस चालली होती. परगावच्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं. मोयेपाता गावात कुणी हसलं नाही, कारण गेलेल्या माणसाच्या रूपात भाजतात ते हे पावाचं बाळ, आणि या वर्षीचं ईवारचं होतं आणि ईवार जाऊन जेमतेम आठ महिने झाले होते. सर्व संतांच्या सणाला दुपारी बाराच्या ठोक्याला आत्मे घरी येतात, तसा तो या वर्षी पहिल्यांदाच येणार होता. नव्या आत्म्यासाठी खाण्यापिण्याचं मेज पहिल्या वर्षी मनापासून मांडतात, दुसऱ्या वर्षी रीत म्हणून आणि तिसऱ्या वर्षी एकदाचं उरकायचं म्हणून, असं भट्टीवाली दोन्या पेट्रोना म्हणायची. तिला माहीत असणारच. गावातलं प्रत्येक मेलेलं माणूस तिच्या भट्टीतून पुन्हा एकदा भाजून निघालं होतं.

"मग? सासरा काय म्हणतोय तुझा?" कणकेचे गोळे फळीवर मांडत तिने विचारलं.

उत्तर ईवारच्या आईने, नेलीदाने नाही, साबिनाने दिलं. साबिना म्हणजे कर्नल एलिओदोरोंची थोरली लेक, ईवारची आत्या. लग्न न करता ती बापाचं घर सांभाळत होती आणि अंत्यविधीपासून दोन घरांमधले निरोपही तीच पोचवत होती.

"बाबा म्हणतात, कॅडेटचा पूर्ण गणवेश हवा. डोक्यावर टोपी, कमरेला तलवार, पायांत बूट."

"तलवार नको गं बाई," पेट्रोना म्हणाली. "मागे एका पोलिसाचा दंडुका केला होता. भट्टीत तो असा काही फुगला, की त्याच्या विधवेने मेजावर ठेवायच्या आधी वर रुमाल टाकला."

नेलीदा हसली नाही. तिने कणकेचे दोन लांबट गोळे घेतले, तळहाताने थापले आणि सुरीने प्रत्येकाला चार चिरा दिल्या. पाच बोटं झाली. मग अंगठा जरा बाहेर फाकवला. रुंद, पसरट, शेतात हिंडणाऱ्या पोराचे पाय.

"असे होते माझ्या मुलाचे," ती म्हणाली. "त्रेचाळीस नंबर. बाबांना सांगा, ताई, त्या गणवेशात तो तीन महिने होता. माझ्या घरात अठरा वर्षं अनवाणी हिंडला. माझ्याकडे येताना तो कुठलाच बूट घालून येणार नाही."

साबिना त्या पायांकडे बघत राहिली. मग पावाची शिडी आणि पावाचे दोन घोडे ठेवलेली टोपली तिने उचलली आणि तडक बाहेर पडली. शिडी आत्म्याला चढायला, घोडे ओझं वाहायला.

"राग आला वाटतं," पेट्रोना म्हणाली.

"येऊ दे," नेलीदा म्हणाली.

*

साबिनाला राग आला नव्हता. तिला ते पाय बघवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाच्या खोलीत गेली, तेव्हा कर्नल खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. उंच, काळे बूट, घोट्याच्या वर वीतभर येणारे. साबिनाचे आजोबा चाकोच्या लढाईतून हेच बूट घालून चालत घरी आले होते. तेव्हापासून रोकाबादोंचा प्रत्येक मुलगा लष्करी शाळेतली पहिली लांबची पायपीट याच बुटांतून करायचा. शाळेने दिलेले बूट त्या दिवसापुरते पेटीत राहायचे. तळवे चार वेळा बदलले होते, चामडं तेच होतं. आजोबा बुटके, कर्नलही बुटकेच, म्हणून त्यांना ते बसले. पुढची पिढी उंच झाली. बूट चाळीस नंबरचेच राहिले.

"हे घेऊन कुठे निघालात?" साबिनाने विचारलं.

"मेजावर ठेवणार. कॅडेट म्हणून गेला पोरगा. त्याची काही खूण नको?"

"आणि नेलीदाने विचारलं, हे आले कुठून? मग काय सांगणार?"

कर्नल ब्रश फिरवत राहिले.

मोयेपातात माणूस गेल्यावर आठव्या दिवशी त्याचं सगळं नदीवर नेऊन धुतात. जे धुवायचं राहील ते अंगावर वागवत आत्म्याला पुढची वाट चालावी लागते, म्हणून बायका साधा हातरुमाल सोडत नाहीत. ईवारचे कपडे धुताना नेलीदाने मान वर करून विचारलं होतं, "बूट कुठेत?" आणि कर्नलांनी सांगितलं होतं, "सरकारी माल. शाळेने ठेवून घेतले." खरं म्हणजे ईवारची पेटी शाळेने मोठ्या मानाने निवृत्त कर्नलांकडेच पाठवली होती. ती उघडताना खोलीत फक्त बाप आणि लेक होते.

"आतून पुसलेत का?" साबिनाने विचारलं.

"ब्रश आत जात नाही," कर्नल म्हणाले.

ती पलंगाच्या काठावर बसली. पायपिटीच्या दहा दिवस आधी ईवारचं पत्र तिच्या नावाने आलं होतं. आत्या, हे बूट सरावालाच फार चावतात गं, डाव्या टाचेत खिळा वर आलाय. मी शाळेचे घातले तर आजोबांना चालेल का? तू विचार, मला लाज वाटते. तिने ते पत्र याच खोलीत वाचून दाखवलं होतं. कर्नल जेवत होते. जेवता जेवता त्यांनी उत्तर सांगितलं होतं, की तिसऱ्या दिवशी पाय मुकाट होतात, रोकाबादो पायांची तक्रार करत नाही. तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सोबत मलमाची डबी पाठवली. पोराने त्यानंतर तक्रार केली नाही. टाच पिकली तरी वैद्यांना दाखवली नाही. रक्तात विष भिनून ताप डोक्यात गेला, तेव्हा कुठे त्याला उचलून दवाखान्यात नेलं. घरी तार आली ती तापाची.

"आज तुम्ही सांगणार आहात, बाबा," साबिना म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. त्याला गेलेल्या उत्तरावर अक्षर माझं आहे. मला लपायला जागाच नाही."

"सांगितलं तर ती मला पाव देणार नाही."

"नाही देणार."

कर्नलांनी ब्रश खाली ठेवला. मेजापुढे जो प्रार्थना म्हणतो, त्याला मेलेल्याची आई स्वतःच्या हाताने पाव देते. पाव मिळाला म्हणजे प्रार्थना पोचली. नाही मिळाला, तर तुम्ही भिंतीशी बोललात.

"बहात्तर वर्षांचा आहे मी," ते म्हणाले. "पुढच्या सणाला मीच पेट्रोनाच्या भट्टीत असेन. मला तिच्या हातचा पाव हवाय, साबिना. त्याला माझं म्हणणं कळायला हवं."

"खोटं सांगून घेतलेल्या पावाने काय कळणार आहे त्याला?"

कर्नलांनी बूट बगलेत धरले आणि टोपी शोधू लागले. ती डोक्यावरच होती.

*

बाराला पाच मिनिटं असताना फाउस्तोने बापाला दारात पाहिलं आणि मग बापाच्या बगलेतले बूट पाहिले. त्याच्या हातातला उसाचा दांडा खाली पडला.

फाउस्तो कर्नलांचा एकुलता मुलगा. गावात त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका, मृत्यूच्या सूचना, फुटबॉलची पोस्टरं, सगळं तोच छापायचा. एकेकाळी तोही त्या शाळेत गेला होता आणि पहिल्याच पायपिटीनंतर घरी परत आला होता. शिस्त झेपली नाही, असं गाव म्हणायचं. बापाने चार वर्षं अबोला धरला आणि नंतरही ते कामापुरतंच बोलले. ईवारला शाळेत जायचं होतं, ते बापाच्या या माघारीची भरपाई करायला, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोललं कुणीच नव्हतं.

मेज तीन पायऱ्यांचं, काळ्या कापडाने झाकलेलं. वर ईवारचा कलिंगड खातानाचा फोटो. मधे शिडी, घोडे, फळं आणि त्याच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या सुपाची वाफाळती वाटी. सगळ्यात खाली ते पावाचं बाळ, रुंद अनवाणी पाय दाराकडे करून निजवलेलं. नेलीदाने बूट पाहिले, पण तेवढ्यात देवळाची घंटा सुरू झाली आणि सगळे उठून उभे राहिले. दार सताड उघडं होतं. बाराव्या ठोक्यानंतर सगळे दाराकडे बघू लागले.

एक माशी आत आली. शिडीवर बसली, उडाली आणि सुपाच्या वाटीच्या काठावर जाऊन टेकली.

"आला," पेट्रोना कुजबुजली. "बघा, थेट सुपावर. घरच्यांना नमस्कार वगैरे नंतर."

नेलीदाला हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. हसता हसता तिने डोळे पुसले आणि फाउस्तोला वाटलं, आता हे असंच राहू दे, देवा, आता कुणी काही बोलू नका.

प्रार्थना म्हणणारे आंधळे क्रिसोलोगो मेजापुढे बसले होते. त्यांनी विचारलं, "पहिली प्रार्थना कोणाची, कोणाच्या आत्म्यासाठी?"

घरातला थोरला म्हणून कर्नल पुढे आले आणि गुडघ्यांवर बसले. "कॅडेट ईवार रोकाबादो याच्या..." इथे ते थांबले. मागे साबिना उभी होती.

"आधी मला एक सांगायचंय," कर्नल म्हणाले आणि वरिष्ठांपुढे अहवाल द्यावा तसं बोलू लागले. "बूट शाळेने ठेवले नव्हते. माझ्याकडे होते. मी खोटं बोललो. ताप पायामुळे आला. डाव्या टाचेत खिळा होता. हे बूट नको म्हणून त्याने पत्राने विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"उत्तराचं पत्र मी लिहिलं," साबिना म्हणाली.

नेलीदाने पुढे होऊन त्यांच्या बगलेतला डावा बूट घेतला. तिने विणलेले त्रेचाळीस नंबरचे लोकरी मोजे मेजाच्या कोपऱ्यात घडी करून ठेवले होते. त्यातला एक तिने बुटाच्या तळव्याशी लावून पाहिला. मोजा बोटभर बाहेर आला. मग तिने हात बुटात घातला आणि चाचपलं.

"इथे?"

"अजून मागे," फाउस्तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शिवणीच्या खाली. मलाही तिथेच लागला होता." त्याने बुटाच्या टाचेवर बोट ठेवलं. "तेराव्या किलोमीटरला मी बूट काढले आणि पुढे अनवाणी चाललो. सगळी तुकडी हसली. म्हणून आलो मी परत, नेली. शिस्तबिस्त काही नाही. जायच्या आदल्या दिवशी ईवारने मला विचारलं, पप्पा, बूट कसे आहेत? मी म्हटलं, झकास आहेत. पोरासमोर मला... मला सांगवेना."

नेलीदाने हात बाहेर काढला. बोटांना तपकिरी, सुकलेलं काहीतरी लागलं होतं. ती ओरडेल असं पेट्रोनाला वाटलं, म्हणून ती पाण्याचा पेला घेऊन पुढे सरकली. नेलीदा ओरडली नाही. तिने दारापासून मेजापर्यंतची जमीन नीट न्याहाळली, ओल्या पावलांचे ठसे शोधतात तशी.

"म्हणजे हे धुतलेच नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे आठ महिने तो यांतच चालतोय. आत्तासुद्धा यांतच आलाय माझ्या घरी. आणि मी त्याला अनवाणी पाय करून ठेवलेत!"

तिने बूट कर्नलांच्या हातात परत दिला.

"कर्नलसाहेब," ती म्हणाली. वीस वर्षं ती त्यांना बाबा म्हणत आली होती. "उद्या बाराला तो परत जाईल. त्याच्या आत हे धुऊन आणायचे. नदीवर. तुमच्या हाताने. साबिनाताईंनी हात लावायचा नाही."

"आणतो."

"आता म्हणा तुमची प्रार्थना."

कर्नलांनी ती म्हटली. क्रिसोलोगोंनी म्हटली, शेजाऱ्यांनी म्हटली. मग नेलीदा टोपली घेऊन फिरली. एकेकाच्या हातावर पाव ठेवत ती कर्नलांपाशी आली आणि पुढच्या माणसाकडे गेली. फाउस्तोलाही तिने दिला नाही. साबिनाने हात पुढे केलाच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुणं धुणाऱ्या सहा बायका होत्या. एलिओदोरो रोकाबादो काठावर येऊन उभे राहिले, तेव्हा सगळ्यांच्या जिभा एकदम थांबल्या. मग एकीने आपली बादली सरकवून दगड मोकळा केला.

कर्नलांनी आयुष्यात स्वतःची बंडीसुद्धा धुतली नव्हती. ते गुडघ्यांवर बसले, डावा बूट पाण्यात बुडवला आणि साबण लावू लागले. आधी पॉलिश निघालं, पाणी काळं झालं. हे आठ महिने दर रविवारी त्यांनी लावलेलं पॉलिश होतं.

"असं नाही हो, एलिओदोरोसाहेब," बादलीवाली म्हणाली. "आत हात घाला. मळ आत असतो."

त्यांनी आत हात घातला. बाहेर आलेलं पाणी तपकिरी होतं. त्यांनी पुन्हा साबण घेतला. पुन्हा तपकिरी. खिळ्याने बोट कापलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. इतकंसं कापून काय भरून येणार होतं? ईवार पाच वर्षांचा असताना याच नदीत ते त्याला पोहायला शिकवायचे. पोरगं दगडांवरून धावायचं, आणि ते ओरडायचे, सावकाश, पाय कापतील! हे ते स्वतः ओरडायचे. तेव्हा त्यांना त्या पायांची काळजी होती.

शेजारी कुणीतरी बसलं. फाउस्तो होता, हातात छापखान्यातली पक्कड आणि कागद कापायचा सुरा घेऊन.

"धुऊन झाला की द्या," तो म्हणाला.

"तू तेव्हाच मला खिळ्याचं सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं, बाबा. घरी आलो त्याच दिवशी. तुम्ही ताटावरून उठून गेलात."

कर्नलांना ते ताट आठवलं. खिळा आठवला नाही. मुलगा बोलत असताना त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी बूट पुन्हा पाण्यात बुडवला.

"हो," ते शेवटी म्हणाले. "गेलो उठून."

पाणी स्वच्छ यायला लागायला दहा वाजून गेले. फाउस्तोने पक्कडीने खिळा उपटला आणि खिशात टाकला. मग सुरा वरच्या काठाला लावून, ईवारचा पाय मावेल असे, दोन्ही बूट अंगठ्यापर्यंत उभे चिरले. चामडं जाड होतं, त्याला सगळा जोर लावावा लागला. कर्नलांनी त्याला अडवलं नाही. उलट दुसरा बूट चिरताना त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

निरोपासाठी मेज आता स्मशानात ईवारच्या थडग्यावर मांडलेलं होतं. कर्नल पोचले तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि पँटच्या गुडघ्यांना चिखल होता. त्यांनी चिरलेले बूट नेलीदापुढे धरले. तिने आत बोटं फिरवली, टाचेपाशी जरा थांबली, मग बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. साबणाचा वास होता.

"कोणाच्या आत्म्यासाठी?" क्रिसोलोगोंनी विचारलं.

कर्नल गुडघ्यांवर बसले. यावेळी त्यांना वेळ लागला नाही.

"ईवारसाठी," ते म्हणाले. "नेलीदाचा ईवार."

प्रार्थना संपता संपता घंटा झाली. नेलीदाने पावाचं बाळ उचललं आणि मोडायला घेतलं. डोकं तिने फाउस्तोला दिलं. एक हात साबिनाला दिला. उजवा पाय स्वतःसाठी शालीत ठेवला. मग ती सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "त्याला निघायचंय. म्हणून देतेय."

"हो."

"डावा तुमचा, बाबा."

कर्नलांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत तो घेतला. लोक टोपल्या उचलत होते, पेट्रोना शिडीच्या पायऱ्या मोडून पोरांना वाटत होती. कर्नलांनी तो पाय उभ्यानेच खाल्ला, आधी बोटं, मग तळवा. टाच भट्टीत जास्त भाजून कडक झाली होती आणि त्यांचे दात थोडेच उरले होते. चावायला खूप वेळ लागला. नेलीदा हलली नाही, म्हणून कुणीच हललं नाही. त्यांचं खाऊन होईपर्यंत सगळे थांबले.